वन्संसाठी बुडवलेलं पातेलं

मी कोशर स्वयंपाकाच्या दोन पुस्तकांची लेखिका आहे आणि माझं नवंकोरं पातेलं सध्या हुसेनसागरच्या तळाशी आहे.

कोशर म्हणजे आम्हा यहुद्यांचे खाण्यापिण्याचे नियम. आम्ही बेने इस्राएली, मूळचे कोकणातले, पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी. यांच्या नोकरीपायी हैद्राबादला विद्यानगरात आलो आणि पहिल्याच ईदला समोरच्या फातिमाआपा बिर्याणीचा डबा घेऊन दारात उभ्या! आता आमच्यात मटण आणि दूधदुभतं एकत्र चालत नाही, आणि इथली बिर्याणी दह्याशिवाय होत नाही.

“दही नक्को? फिर गोश्त गलता कैसा?” आपांनी विचारलं.

“नारियल के दूध में.”

“तो दूध चलता!”

“दूध नहीं चलता, आपा. नारियल का चलता.”

आपांनी झाकण उघडून आधी डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी मी सगळं कागदावर लिहून दिलं. तो कागद त्यांच्या बहिणीने नेला, मग भाचीने, मग कुणीतरी म्हणालं की छापा. अशी मी लेखिका झाले! (वाचक कोण, हे विचारू नका. पहिल्या पुस्तकाच्या निम्म्या प्रती अजून आमच्या दिवाणात आहेत आणि पाहुणे त्यांवर शांत झोपतात.)

पण या कीर्तीला एक गालबोट होतं. रिबका वन्सं, यांच्या थोरल्या बहीण. त्या इस्राएलात राहतात आणि नियमांच्या इतक्या पक्क्या, की आमच्या भांड्यांतलं काही त्यांना चालत नाही; आल्या की फक्त केळी खातात. तीनदा आल्या, तिन्ही वेळा केळी! कोशरवर पुस्तकं लिहिणाऱ्या बाईच्या घरी सख्खी नणंद सोललेल्या फळावर दिवस काढते, हे मला फार लागायचं.

“लोकां सांगे ब्रह्मज्ञान...” एकदा हे म्हणाले. मी नुसतं बघितलं. उरलेली म्हण त्यांनी गिळली.

या खेपेला मी चंगच बांधला. वन्सं दुपारच्या विमानाने येणार होत्या. त्यांच्यासाठी बेगम बाजारातून खास नवं पातेलं आणलं होतं. नियम असा, की धातूचं नवं भांडं वापरण्याआधी समुद्रात, नदीत किंवा तलावात बुडवून काढायचं. नळ चालत नाही.

“समुद्र तर नाही. मग मुसी नदी?” हे म्हणाले.

मुसीच्या नुसत्या नावाने आम्ही दोघांनी नाकाला रुमाल लावला. मग हुसेनसागर तलाव ठरला. (तिथे कोण कोणाला शुद्ध करणार, या प्रश्नात मी पुस्तकातही शिरलेले नाही.)

सकाळी आम्ही पायऱ्यांवर पोचलो. मी पातेलं घेऊन खालच्या पायरीवर. हे वरच्या पायरीवर माझं पुस्तक उघडून उभे.

“‘भांडं पाण्याखाली गेलं की हात क्षणभर सोडावा, म्हणजे पाणी सगळीकडे पोचतं.’” यांनी वाचलं. “सोडावा? पूर्ण?”

“मी लिहिलंय ना!”

लिहिलं होतं खरं. केलं मात्र कधीच नव्हतं! आमच्या आईनेही जन्मात भांडं बुडवलं नव्हतं. मी ते वाक्य एका जाडजूड ग्रंथातून उतरवून घेतलं होतं. मी डोळे मिटले, प्रार्थना पुटपुटत वाकले, पातेलं पाण्यात धरलं. आणि मागून आरोळी आली.

“अम्मा! नक्को! नक्को कूदो!”

एका पोलिसाने धावत येऊन माझा दंड पकडला.

“घर में झगडा हुआ क्या, अम्मा?”

“झगडा नहीं, ननंद आ रही है!”

“फिर तो झगडाच है.” मग तो यांच्याकडे वळला. “और आप? बीवी कूद रई, आप खडे होके किताब पढ रैं?”

“किताब इन्होंनेच लिखी है,” हे अभिमानाने म्हणाले. (या माणसाला माझा अभिमान नेमका अशाच वेळी वाटतो!)

पोलिसाने पुस्तकाच्या जाडीकडे पाहिलं. “इत्ती लंबी चिठ्ठी?”

“चिठ्ठी नहीं! खाना पकाने का है!”

“तालाब में खाना पकारैं?” त्याचा आवाज एकदम मऊ झाला. माझं डोकं फिरलंय, याची आता त्याला खात्रीच पटली होती. “हौ अम्मा, पकाएंगे. पहले बर्तन छोडो, ऊपर आओ.”

पुस्तक म्हणत होतं सोडा, पोलीस म्हणत होता सोडा. मी सोडलं.

पातेल्याने एक गिरकी घेतली, दोनचार बुडबुडे काढले आणि ते खाली गेलं. क्षण झाला. मिनिट झालं.

“पुढे काय लिहिलंय?” मी विचारलं.

“‘मग उचलून घ्यावं,’” हे म्हणाले.

पोलिसाला सगळं समजावेपर्यंत भोवती गर्दी जमली. बिचाऱ्याने कुठूनसा बांबू आणून पाणी ढवळलं. एका आजोबांनी विसर्जन कुणाचं म्हणून विचारलं आणि पातेल्याचं आहे हे कळूनही हात जोडले. पातेलं काही वर आलं नाही.

वन्सं घरी आल्या तेव्हा मी तशाच ओल्या पदरानिशी केळी धूत होते.

“वन्सं, याही वेळी केळीच,” मी म्हणाले आणि मला रडूच कोसळलं. सगळी हकीगत सांगितली. वन्सं आधी हसल्या, मग पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “एस्तर, वेडी का तू? मातीचं कोरं मडकं आण आणि लाकडी पळी. त्यांना बुडवावं लागत नाही.”

यांना कुंभाराकडे पिटाळलं. मडक्यात नारळाच्या रसातला मासा रटरटला. केळी बाजूला सारून वन्संनी केळीच्या पानावर दोनदा भात घेतला, आणि तिसऱ्यांदा नुसता रस्सा! मला अगदी भरून आलं.

“वन्सं, हा मडक्याचा नियम तुम्हाला तिकडच्या रब्बींनी सांगितला का हो?”

“नाही गं,” बोटं चाटत वन्सं म्हणाल्या. “तुझ्याच पुस्तकात आहे. पान एकवीस.”

माझं पुस्तक शब्दन्‌शब्द वाचणारी जगात निदान एक व्यक्ती आहे, हे कळून मला अतोनात आनंद झाला. ती व्यक्ती मी असते, तर पातेलंही घरात असतं!