माइकवर घेतलेलं नाव

माझ्या धाकट्या आत्याच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट पंचवीसेक वर्षं देगलूरला तिच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या थप्पीखाली पडून होती. यंदा उन्हाळ्यात आतेभावाने ती नांदेडच्या एका दुकानात देऊन तिची फाइल करून घेतली आणि पेनड्राइव्हवर मला लातूरला आणून दिली. मी ती घरातल्या हार्डडिस्कवर टाकली. ही हार्डडिस्क राउटरला जोडलेली आहे, आणि टीव्हीखालचा एक काळा डबा वायफायवरून तिच्यातल्या फाइली उचलून पडद्यावर दाखवतो. दाखवतो म्हणजे, त्याच्या मनात आलं तर.

बाबा जाऊन वर्ष झालं होतं आणि आई नांदेडचं घर बंद करून माझ्याकडे राहायला आली होती. कॅसेटचं ऐकलं तशी तिने हातातल्या गवारीच्या शेंगा परातीत टाकल्या.

"त्याच्यात ह्यांनी माझं नाव घेतलंय," ती म्हणाली. "माइकवर. सगळ्या मांडवासमोर. तेवढं ऐकायचंय मला."

बाबांनी आईला नावाने हाक मारल्याचं मी जन्मात ऐकलेलं नाही. घरात 'ऐकलं का', बाहेर 'आमच्या घरी', आणि मोबाइल आल्यावर तिचा नंबरसुद्धा 'घर' म्हणूनच ठेवलेला. बँकेत कुणी पत्नीचं नाव विचारलं की हे गृहस्थ खिशातून कार्ड काढून पुढे सरकवायचे. बायकांची निदान उखाण्यात सोय असते. बाबांना तीही नव्हती.

आणि हाच माणूस माइक हातात आला की शंभर जणांची नावं धडाधड घ्यायचा. आमच्याकडे लग्न म्हटलं की माइकवर कुणीतरी लागतंच. बाबा शाळामास्तर, आवाज खणखणीत, त्यामुळे अर्धापूरपासून धर्माबादपर्यंत नात्यातलं कुठलंही लग्न असो, माइक त्यांचाच. बुद्धवंदनेसाठी सर्वांनी उभं राहावं, धर्माबादच्या पाहुण्यांनी पहिल्या पंगतीला बसून घ्यावं, एक निळ्या फ्रॉकमधली मुलगी हरवली आहे ती स्टेजजवळ आहे. ती निळ्या फ्रॉकमधली मुलगी दोनदा मीच होते. विधी आटोपले की सत्काराच्या चिठ्ठ्या यायच्या. ज्याचं नाव वाचलं त्याने स्टेजवर जायचं, पुरुषाला टॉवेल-टोपी, बाईला साडी-चोळी. आत्याच्या लग्नात नवऱ्यामुलाकडच्यांनी नवरीच्या वहिनीचं नाव चिठ्ठीत लिहिलं. नवरीची वहिनी म्हणजे आमची आई. आणि चिठ्ठी आली बाबांच्या हातात.

मी कॉलेजात संगणक शिकवते. अख्ख्या कॉलेजात कुणाचा प्रोजेक्टर अडला की मला बोलावणं येतं. तेव्हा आईला मी तोऱ्यात सांगितलं, चहा होईपर्यंत लावून देते.

चहा झाला, निवला, परत गरम झाला. आधी फाइल यादीतच दिसेना. आतेभावाने तिला मराठीत लांबलचक नाव दिलं होतं आणि डब्याला ते पचत नव्हतं. मी ते बदलून नुसतं 'लग्न' असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं. मग फाइल दिसली, सुरू झाली, पण दर दहा सेकंदांनी वऱ्हाड जागच्या जागी थिजायचं. वायफाय कमी पडत होतं. खोलीच्या मधून केबल ओढली. आई साडी वर धरून ती ओलांडून येऊ-जाऊ लागली. मग चित्र सुरळीत चाललं. पांढऱ्या साडीतली आत्या, कागदी पताका, मांडवात धावणारी पोरं. आवाज मात्र टिपूसभर नाही.

"चालू दे की," आई म्हणाली. "दिसून राहिलेत ना सगळे."

मी बंद केलं. आवाजाशिवाय काय बघायचं, म्हटलं. लॅपटॉपचा स्पीकर मागेच चहा पिऊन गतप्राण झाला होता, म्हणून त्यावर ऐकून बघता येईना. पण फाइलची माहिती उघडली तर आवाज आत होता, फक्त तो ज्या प्रकारात भरला होता तो प्रकार या डब्याला कळत नव्हता. म्हणजे डब्याला कळेल अशा प्रकारात तो बदलून घेतला की झालं. त्याआधी डब्यालाच तो कळतो का म्हणून त्याचं सॉफ्टवेअर नवं केलं, सेटिंगमधली प्रत्येक खूण काढून-लावून बघितली. दोन दिवस हेच. मध्ये मध्ये आई दाराशी येऊन उभी राहायची आणि पडद्यावर काही दिसलं की तिथेच थबकायची. मी लगेच बंद करायची. तिला सगळं एकदम, आवाजासकट दाखवायचं, असा माझा हट्ट.

हा हट्ट बाबांचा. नांदेडला आम्ही सुट्टीत व्हीसीआर भाड्याने आणायचो, तेव्हा गल्लीतली सगळी पोरंबाळं आमच्या बैठकीत जमायची. पडद्यावर मुंग्या आल्या की बाबा यंत्राचं झाकण उघडून बसायचे. कोऱ्या कागदावर पेट्रोलचे दोन थेंब घ्यायचे आणि आतलं, फीत वाचणारं हेड पुसत राहायचे, स्वच्छ दिसेपर्यंत कुणालाही काही बघू द्यायचे नाहीत. पोरं पेंगायला लागायची. आई म्हणायची, मुंग्यांसकट बघू की. बाबांना पटायचं नाही. त्या पेट्रोलच्या वासाची मला आजही इतकी आठवण येते की पंपावर मी उगीच दोन मिनिटं जास्त थांबते.

रविवारी दुपारी फाइलमधला आवाज बदलून तयार झाला. मी आईला हाक मारली. ती तोंड धुऊन, केस विंचरून आली आणि खुर्चीवर न बसता टीव्हीपुढे खाली बसली. आवाज आला. आधी सनई, मग एकामागून एक सिनेमाची गाणी. मी पुढे पुढे नेत गेले. स्टेज आलं, माइक धरलेले बाबा आले. तरणे, काळ्या मिशांचे. त्यांचे ओठ हलत होते आणि तोंडातून कुठल्याशा गायिकेचं प्रेमगीत निघत होतं.

मी तिथल्या तिथे नांदेडच्या दुकानदाराला फोन लावून भांडायलाच उठले. तो बिचारा शांतपणे म्हणाला, आम्ही काही केलं नाही, कॅसेटमध्येच तसं आहे. तेव्हा शूटिंगवाले मांडवातला आवाज काढून टाकायचे आणि वरून गाणी भरायचे. लोकांनाच ते आवडायचं.

फोन ठेवला तर आई हसत होती. तिने ही कॅसेट एकदाच पाहिली होती, आत्याच्या घरी, वीस माणसांच्या कालव्यात. तेव्हा काय वाजतंय ते कुणी ऐकलंच नव्हतं.

"आता आठवलं," ती म्हणाली. "शूटिंगवाल्याला गाणे ह्यांनीच लिहून दिले होते. कागदभर."

मला रडू आलं, रागाचं की कशाचं ते कळेना. दोन दिवस मी तिला ज्या आवाजासाठी थांबवून ठेवलं होतं, तो फाइलमध्ये नव्हताच, आणि घालवला होता बाबांनीच.

"आवाज बंद कर," आई म्हणाली.

मी टीव्हीचा आवाज बंद केला. ती सरकत पडद्याच्या अगदी जवळ गेली. बाबा एकेक चिठ्ठी उचलून वाचत होते, माणसं येत-जात होती, आणि त्यांच्याबरोबर आई हळू आवाजात प्रत्येक नाव घेत होती, गावासकट. मग बाबांनी एक चिठ्ठी उचलली आणि ते थांबले. चिठ्ठी उलटून मागची बाजू पाहिली. खाकरले. शूटिंगवाल्याला वाटलं असेल आता कुणी मोठा पाहुणा येणार, त्याने कॅमेरा त्यांच्यावरून हलवला नाही.

आईही गप्प झाली. बाबांचे ओठ हलले. तिच्या नावाची तिन्ही अक्षरं मला एकेक करून दिसली. मग त्यांनी मान खाली घातली आणि पदर सारखा करत एक तरणी बाई स्टेजच्या पायऱ्या चढू लागली.

"ऐकलंस?" आईने मागे न बघता विचारलं.

"हाव," मी म्हटलं. "ऐकलं."

मग मी तिच्या हातात रिमोट दिला आणि मागे न्यायचं बटण कुठलं, ते दाखवलं.