अर्ध्या फ्रेमचा हार

अख्ख्या बहरीनमध्ये ज्या एकाच खोलीत कचऱ्याचा डबा उपाशी मेला ती आमची खोली, आणि त्याला उपाशी मारणारे म्हणजे आमच्या वहिनीचे मामा. माणूस मूळचा रेवदंड्याचा, हाताने सुतार, अंगाने खराट्याची काडी आणि आवाज मात्र बंदरावरच्या भोंग्यासारखा. एका कंत्राटदाराकडे ते सुतार आणि त्यांच्याच वशिल्याने व्हिसा मिळालेला मी पिकअपचा ड्रायव्हर. बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत आमची खोली. तिथे पहिल्याच दिवशी मी टूथपेस्टची संपलेली ट्यूब टाकली, तर मामांनी ती डब्यातून काढून, कापून, धुऊन, सपाट करून खिडकीच्या फटीत ठोकली आणि वर मलाच म्हणाले, "वारा येत होता मेल्या. आणि तू टाकत होतास." वाकडे खिळे सरळ करून ठेवायचे, सिमेंटच्या पोत्याची सुतळी गुंडाळून ठेवायची, बिस्किटाचे डबे तर देवासारखे ओळीने मांडलेले. शेजारच्या खोलीतल्या मल्याळ्याने एकदा उपटलेली दाढ गल्लीत फेकली. मामांनी ती शोधून, कापसात गुंडाळून त्याच्या हातात परत दिली. "आईने दूध पाजून वाढवलेली वस्तू. लाज नाही वाटत?" तो बिचारा दाढेच्या जागी बोळा धरून उभा. त्याला बोलताही येईना आणि रडताही येईना. त्या प्रसंगाची नक्कल मी नंतर दर शुक्रवारी करायचो, मल्याळ्याच्या समोरच. तो स्वतः पुन्हा करायला लावायचा.

तर टाकायचं नाही, हा मामांचा अर्धा धर्म. उरलेला अर्धा म्हणजे टिकवायचं. आमच्या कोकणात पावसाच्या आधी घराघरात आगोट भरतात, म्हणजे चार महिन्यांचं धान्य, मिरच्या, सुकी मासळी वाळवून, बांधून, किडीपासून जपून ठेवतात. मामा बारा महिने आगोट भरत, तेही अशा देशात जिथे पाऊस वाट चुकून येतो. दर सुट्टीनंतर गावाहून येताना त्यांच्या बॅगेत कडुनिंबाचा पाला असायचा. एकदा मी त्यांना आणायला विमानतळावर गेलो होतो. कस्टमवाल्याने बॅग उघडली आणि पाला हातात घेऊन ओरडला, "शू हाझा?" मामा शांतपणे म्हणाले, "पाला. मफी मुश्किल." म्हणजे काही भानगड नाही. त्याने एक पान चावून बघितलं. त्याचं तोंड जे झालं ते मी आजही करून दाखवू शकतो. खडूची फुली मारून त्याने बॅग आमच्या अंगावरच ढकलली. "यल्ला! यल्ला!"

आणि फोटो! फोटो म्हणजे मामांचा जीव. व्हिसाला, कार्डाला, लायसन्सला सारखे पासपोर्ट साइज फोटो काढावे लागायचे आणि दर वेळी दोन-चार उरायचे. ते सगळे मामांच्या डब्यात. व्हिसा खलास होऊन गावी गेलेल्या माणसांचेसुद्धा. गेलेल्यांचे, म्हणजे खरोखर वर गेलेल्यांचे फोटो फ्रेम करून भिंतीवर लावायचे आणि रंधा मारताना निघणाऱ्या लाकडाच्या पातळ वळ्या दोऱ्यात ओवून त्यांना हार घालायचा. लांबून अगदी चंदनाचा वाटायचा. आता कोण गेलं आणि कोण नाही हे मामा कसं ठरवायचे? रंगावरून! काळापांढरा फोटो म्हणजे माणूस गेला. एकदा ड्युटीवरून येऊन बघतो तर माझ्या पेटीतले बाबा भिंतीवर, गळ्यात हार. बाबा तेव्हा माणगावात ठणठणीत होते, शेजाऱ्याशी बांधावरून भांडत होते. मी बोंब मारली तसा मामांनी हार काढला खरा, पण चूक माझ्याच गळ्यात घातली. "मग त्यांना रंगीत काढायला सांग ना."

अशा माणसाला एका शुक्रवारी उम दाऊदकडून खिडक्या दुरुस्त करायचं बोलावणं आलं. उम दाऊद म्हणजे दाऊदची आई, तिकडे बाईला मुलाच्या नावानेच हाक मारतात. सुकातल्या, म्हणजे बाजारातल्या, जुन्या घरात एकटी राहणारी ज्यू म्हातारी. बापाचा मुंबईशी कापडाचा धंदा होता, म्हणून हिंदी फर्डं. मामा तिला लगेच आपल्यातली मानायला लागले, कारण रेवदंड्याला त्यांच्या शेजारी शनवार तेली होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले मराठी बोलणारे ज्यू. ते घर सोडून गेले तेव्हा मामा लहान होते. "भिंतीवर फोटो होते तिथे नुसते पांढरे चौकोन राहिले रे," असं ते मला पिकअपमध्ये दर वेळी सांगायचे. उम दाऊद आता मुलाकडे लंडनला चालली होती. घर विकायचं म्हणून खिडक्या. मी तिची नक्कल तिच्याच दारात केली, "ए मिस्त्री, खिडकी टाइट करो, मेरे माफिक ढीली हो गई है," तर म्हातारी मागून आली आणि म्हणाली, "मैं इतना धीरे नहीं बोलती. फिर से करो."

खिडकी तपासायला आम्ही गच्चीवर गेलो आणि बघतो तर काय, म्हातारी पत्र्याच्या डब्यात जाळ करून बसलेली, मांडीवर फोटो, आणि एकेक आत टाकतेय.

मामांनी रंधा टाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी टाकलेलं मी बघितलं. नंतर धावत जाऊन जळत्या डब्यात हात घातला.

"अरे मिस्त्री! पागल है क्या?"

"मैं पागल? फोटो जलाता है! आदमी लोग का फोटो!" मामांची बोटं भाजली होती, फोटोची कड काळी पडली होती, आणि ओरडत होते तिच्यावर. "भगवान देखेगा तो क्या बोलेगा?"

म्हातारीने मांडीवरचे उरलेले फोटो बाजूला ठेवले. मग तिने सांगायला सुरुवात केली. ती लहान असताना याच गल्लीत एकदा जमाव आला होता, ज्यूंची घरं फोडायला. शेजारच्या अरब बाईने या दोघी बहिणींना आपल्या चुलीमागे लपवलं म्हणून वाचल्या. त्यानंतर आईने अर्धे फोटो जाळले. नाव नको, तोंड नको, कुणी विचारायलाच नको. धाकटी बहीण पुढे लग्न होऊन इराकातल्या बसऱ्याला गेली. नवरा शाळामास्तर. तिकडे ज्यू म्हणून त्याची नोकरी गेली, मग पासपोर्ट गेला, आणि एका सकाळी गाडी आली. "बोले, दो मिनट का काम है. चप्पल पहन के गया." तो काही परत आला नाही. का नेलं, कुठे नेलं, जिवंत आहे की नाही, एक शब्द कुणी सांगितला नाही. बहीण पुढे कशीबशी निसटली, एका पिशवीनिशी. नवऱ्याचा एक फोटोसुद्धा सोबत आणता आला नाही. आता लंडनला असते.

"उसका एक ही फोटो दुनिया में है," उम दाऊद म्हणाली आणि मामांच्या भाजलेल्या हाताकडे बोट दाखवलं.

मामांनी हात उघडला. लग्नाचा फोटो. उंच, चष्मेवाला, हसू दाबून उभा असलेला नवरा आणि शेजारी सोळा-सतरा वर्षांची नवरी.

"तो फिर ले जाओ ना बहन के पास!" मी म्हणालो.

"एअरपोर्ट पे पेटी खोलेंगे. हिब्रू कागज, बसरे का ठप्पा. पूछेंगे." सत्तर वर्षांची बाई, मुलाचं तिकीट हातात, आणि अजून त्या चुलीमागेच बसलेली. मी माणगावच्या शाळेत इतिहास शिकलो, पण एवढी भीती कुठल्या धड्यात नव्हती हो.

मामांनी विचारलंच नाही. फोटो, लग्नाचा रंगीत वेलबुट्टीचा करारनामा, शाळेचे दाखले, सगळं गोळा करून पिकअपमध्ये ठेवलं. "मैं रखता है. बहन को बोलो, आके ले जाना." आम्ही निघताना म्हातारीने स्वतःचा एक रंगीत फोटो वर दिला. "यह भी रखो. नहीं तो मेरा मुँह भूल जाओगे."

मग सुरू झाली मामांची आगोट! बहरीनच्या दमट उन्हाळ्यात भिंतीला घाम फुटतो, तिथे कागदाची काय कथा. मामांनी एकेक फोटो सावलीत वाळवला, मामींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला, मध्ये कडुनिंब, कोपऱ्यात सुकी मिरची. खोलीत आम्हाला शिंकांनी झोप येईना. त्यातले निवडक फोटो, डोळ्यांसमोर राहावेत म्हणून, काचेच्या फ्रेमा करून भिंतीवर लावले. आणि सगळे काळेपांढरे! मग काय, रंध्याच्या वळ्या, दोरा आणि सगळ्यांना हार. आजोबांना, आजीला, टोपीवाल्या काकांना. मास्तर नवऱ्यालाही. फक्त उम दाऊदचा रंगीत फोटो बिनहाराचा. अशी दोन-तीन वर्षं गेली.

सर्वपित्री अमावस्या आली. मामांनी सुट्टी टाकली, वडे तळले, खीर केली आणि आपल्या पितरांच्या पानाशेजारी आणखी एक पान वाढलं.

"हे कुणाला?"

"त्यांना. त्यांच्या नावाने पान ठेवणारं इथे आहे का कोण?"

"मामा, ते ज्यू आहेत!"

"मग? वड्यात कांदा नाही घातलेला."

कावळ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. कावळा आला नाही, बाई आली. पांढरे केस, हातात पर्स. "मिस्त्री यहाँ रहता है?" तिने एवढंच विचारलं आणि मी ताडकन उठलो. ज्या आवाजाची मी इतकी वर्षं नक्कल करत होतो तोच आवाज दारातून येत होता. उम दाऊदची बहीण!

ती आत आली, भिंतीकडे बघत बघत पुढे गेली आणि लग्नाच्या फोटोसमोर थांबली. मीही बघितलं. फ्रेम एक, हार एक. नवऱ्याबरोबर नवरीच्याही गळ्यात! आणि ती नवरी आमच्यासमोर चष्मा पुसत उभी.

"यह माला किस लिए है?"

मी मामांकडे, मामा माझ्याकडे. शेवटी मीच बोललो, "वो... जो लोग गुजर गए, उनको डालते हैं."

"मैं तो खड़ी हूँ."

मामांचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला. जिवंत सवाष्ण... सवाष्ण की काय हेही ठरेना त्यांना! "मीठमिरची आण मेल्या, दृष्ट काढतो!" म्हणून माझ्यावर ओरडले, स्वतःचे कान पकडले आणि हार ओढायला धावले. तिने त्यांचा हात धरला.

"उसका रहने दो." बराच वेळ ती नवऱ्याकडे बघत राहिली. त्याचं दाबलेलं हसू काचेआड तसंच. "इतने साल किसी ने बोला नहीं कि वो गया. न कागज दिया, न कबर. तुम पहला आदमी है जिसने बोला."

मामांनी नाक ओढलं, हातोडी घेतली आणि ते सुताराच्या कामाला लागले. फ्रेमच्या बरोबर मध्ये आणखी एक खिळा ठोकला, हार दातांनी तोडून अर्धा केला आणि दोन खिळ्यांमध्ये असा टांगला की फक्त मास्तरांच्या बाजूला पडावा. नवरी मोकळी. मागे सरून, एक डोळा मिटून, ओळंबा बघतात तसं बघितलं. "अब ठीक."

उरलेला अर्धा हार त्यांच्या हातात होता. तो ते सवयीने खिशात घालायला गेले. बाईने हात पुढे केला आणि उम दाऊदच्या रंगीत फोटोकडे मान वळवली.

"नहीं नहीं," मामा हसले, "वो तो जिंदा है."

बाईने नकारार्थी मान हलवली. हात तसाच पुढे धरून उभी राहिली.

मामा खाली बसले ते वाढलेल्या पानाशेजारीच. काही वेळाने उठले आणि तो अर्धा हार त्यांनी स्वतःच चढवला.

बाईने सगळं नेलं. तिला ना कस्टमची भीती, ना ठप्प्याची. लग्नाचा फोटो तर फ्रेम, खिळे आणि अर्ध्या हारासकट. कडुनिंबसुद्धा काढू दिला नाही. आमच्या भिंतीवर पांढरे चौकोन राहिले. मामांनी कधी नव्हे ते कंपनीचा चुना ढापून आणला आणि एका शुक्रवारी अख्खी भिंत रंगवून टाकली.

मामांना जाऊनही आता खूप वर्षं झाली. वहिनीच्या हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे, रंगीत, डोळे वटारलेला. मीच बहरीनला काढलेला. वहिनीने त्याला बाजारातला चकचकीत हार घातलाय. मी गेलो की कुणाचं लक्ष नाही बघून तो हळूच एका खांद्यावर सरकवतो. परवा वहिनीने पकडलं.

"अहो भाऊजी, हार वाकडा का करता दर वेळी?"

"सरळच आहे," मी म्हणालो, आणि एक डोळा मिटून बघितलं. "अर्धाच घालायचा असतो. फोटो रंगीत आहे ना."

दार उघडं होतं, सर्वपित्रीला ठेवतात तसं.