करवतीच्या दुसऱ्या टोकाला

कंडक्टरमामांनी बनवलेलं एकही स्टूल कधी सरळ उभं राहिलं नाही. जोयड्याहून उळवीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात अशी डुगडुगणारी स्टुलं घरोघर आहेत. पाहुणा बसायच्या आतच यजमान सांगतो, "जरा डावीकडं कलून बसा, मामांचं हाय." मामांना याचं काहीच वाटत नसे. "स्टूल काय, बाजारात मिळतंय," ते म्हणत. "मला कापायला मिळालं, झालं की माझं."

ते सुतार नव्हतेच. आयुष्यभर याच रस्त्यावरच्या बसमध्ये कंडक्टर होते आणि निवृत्तीनंतर त्यांना जुन्या हातकरवतींचं वेड लागलं. कुणाच्या माळ्यावर आजोबांची गंजलेली करवत पडली आहे, हे त्यांना बसमधल्या गप्पांतून ठाऊक होतं. ती मागून आणायची आणि बदल्यात स्टूल द्यायचं. लोक करवत आनंदानं देत, स्टुलाला मात्र हात जोडत; तरी मामा ते ठेवूनच येत. मग मामा अंगणात बसून विटेच्या भुकटीनं पातं घासत, कानशीनं एकेक दात धारेला लावत. शेवटी पात्याचं टोक वाकवून सोडत. ते टण्ण करून सरळ झालं की डोळे मिटून म्हणत, "ऐक तम्मा. आताच्या पत्र्याला हा आवाज न्हाई." वयानं लहान असलेला प्रत्येक जण त्यांचा तम्मा, म्हणजे कानडीतला धाकटा भाऊ. मी पन्नाशीला आलो तरी.

त्यांची सगळ्यांत लाडकी होती दोन मुठींची लांब करवत. दोघांनी समोरासमोर बसून ओढायची. तिला दुसरा माणूस लागे आणि तो मी होतो, कारण मला नाही म्हणता येत नाही. गावात पाऊस लांबला तरी मला वाटतं, आपलंच काही चुकलं असेल. देवळात प्रसाद घेताना मागच्याला उरावा म्हणून मी अर्धाच घेतो आणि अर्धा घेतल्यानं देवाचा अपमान झाला का, या काळजीत घरी येतो.

वादळात माझ्या गोठ्यामागचा फणस आडवा झाला, तेव्हा आम्ही कापायला बसलो. मामांनी गळ्यातली शिटी दोनदा फुंकली, म्हणजे चला. चार हात झाले नाहीत तोच पातं वाकून अडकलं. एक शिटी, म्हणजे थांबा.

"तम्मा, ढकलतोस कशाला?"

"तुम्हाला जड जाऊ नये म्हणून हो, मामा."

"माझं मी ओढतो की! तुझं ओढून झालं की हात ढिला सोड. तुझ्या मदतीनंच वाकतीया ती."

मला ते जमेना. समोर सत्तरी ओलांडलेला माणूस ओढतोय आणि आपण नुसती मूठ धरून बसायचं, हे मला पाप वाटे. मामा हसायला लागले. "ड्रायव्हर गाडी चालवत हुता, तवा मी काय मागनं ढकलत हुतो?"

मग एका सकाळी ते आपोआप जमलं. पातं स्वतःच्या वजनानं लाकडात उतरू लागलं. पिवळा धमक भुसा पायांवर सांडत होता, चिकाचा गोडसर वास येत होता आणि मामा नि मी आळीपाळीनं पुढं-मागं डुलत होतो. कितीतरी वेळ मला कशाचंच वाईट वाटलं नाही. मग त्याचंच वाईट वाटलं.

पुढं मामांची नजर अधू झाली. करवतीचे दात ते अंगठ्यानं चाचपू लागले. बेळगावची मुलगी त्यांना न्यायला आली. छोट्या करवती न्यायला ती कबूल झाली, पण दोन मुठींच्या करवतीची लांबी बघून म्हणाली, "अप्पा, ही फ्लॅटमध्ये कुठं ठेवू? भंगारात द्या." गणेशगुडीच्या एका रिसॉर्टवाल्याला ती भिंतीवर टांगायला हवी होती. मामांनी त्याला चहा पाजून रिकाम्या हातानं पाठवलं. मी म्हटलं, मी सांभाळतो. तर मलाही तेच. "एकटा काय करणार? पुसून ठेवणार? कापणारी दोन माणसं दाखव, मग घे. न्हाईतर जाऊ दे भंगारात."

मी गावभर विचारत फिरलो. पोरं म्हणाली, "काका, मशीन आणा की." शेजाऱ्याची पाठ धरली होती. बायकोला मी विचारलंच नाही. धारा, भाकरी, भाताचं काम, त्यात हे आणखी कुठं तिच्या गळ्यात घालू?

जायच्या दिवशी मामांनी करवत आणून फणसाच्या खोडावर टेकवली. गाडीला थोडाच वेळ होता. मी मान खाली घालून एकटाच उभा होतो. बायको गोठ्यातून पदराला हात पुसत आली आणि सरळ दुसऱ्या मुठीशी जाऊन बसली.

"सगळ्या गावाला इचारलंसा. मला कुठं इचारलंसा?"

मामांनी दोन शिट्या मारल्या. बांगड्या मागे सारून ती अशी ओढू लागली, की माझीच धांदल उडाली. ओंडका धप्पकन खाली पडला. मामांनी त्याच्या कापावरून तळवा फिरवला, करवत तिच्या मांडीवर ठेवली आणि मुलीचा हात धरून रस्त्याकडे निघाले.

बस वळणाआड गेली. मी डोळे पुसत परत आलो, तर ती घामाघूम, लालबुंद होऊन तिथंच बसली होती. मूठ सोडली नव्हती.

"इतकी मजा एवढे दिवस एकटेच मारत हुतासा व्हय?" ती म्हणाली. "बसा. अजून अर्धा फणस पडलाय."