पहिल्या गाडीची गार्डबाई

सकाळची पहिली गाडी सोडणाऱ्यांना कामावर आणायला कुठलीच गाडी नसते. नोकरी लागली तेव्हा ही गोष्ट गार्डबाईच्या ध्यानातही आली नव्हती. अंगावर गणवेश, हातात झेंडा आणि महिन्याच्या महिन्याला पगार, एवढंच तिला दिसलं होतं. पण नव्या माणसांना सकाळपाळी लावायची, हा तिथला रिवाज. म्हणजे उजाडायच्या आत डेपोत हजर व्हायचं, आणि त्यासाठी डेपोच्या आसपास राहायचं. तिथली घरं मात्र नुसती बघून परत यायची घरं होती.

तरी लग्नानंतर दोघांनी तिथं एक खोली घेतली. खाली लॉन्ड्री, वर खोली, खिडकीतून दिवसभर वाफ. नवरा गादीवाला. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, जुन्या उसवून पुन्हा शिवायच्या, हा त्याचा वडिलांपासूनचा धंदा. त्यानं खोलीत कापूस मोकळा केला की तो जिन्यातून तरंगत खाली जायचा आणि धुतलेल्या शर्टांवर बसायचा. लॉन्ड्रीवाला एखादा शर्ट घेऊन वर यायचा, एक शब्द न बोलता तो दारात झटकायचा आणि निघून जायचा. असं वर्षभर चाललं. नवऱ्याचा धंदा बसला. गार्डबाईचा पगार यायचा आणि घरमालकाकडे जायचा. मधे तिच्या हाताला तो नुसता लागून जायचा.

शेवटी नवरा आपल्या गावी परतला. ते गाव शेवटच्या स्टेशनापासूनही बरंच पुढं. तिथं त्याची आई भाड्याच्या घरात राहत होती. पुढची खोली थेट रस्त्यावर उघडायची, तिथं दुकान झालं. मागं दोन खोल्या. आई मोरीत पडून कंबरेतून मोडली ती अंथरुणालाच खिळली, त्यामुळे तिच्याजवळ कुणीतरी हवंच होतं.

गार्डबाई डेपोतच झोपू लागली. तिथं रनिंग रूम होती, म्हणजे गाडीवरच्या माणसांना दोन पाळ्यांच्या मधे पाठ टेकायला दिलेली खोली. तिथं मुक्काम ठोकायची परवानगी नव्हती, पण रखवालदार कानाडोळा करायचा. दुसऱ्याच्या अंगाची ऊब न गेलेल्या खाटेवर ती आडवी व्हायची. तिच्या गाडीचा ड्रायव्हर वयानं मोठा, सगळे त्याला मामा म्हणत. तो विचारायचा, "तुझं लग्न नक्की कुणाशी झालंय गं? नवऱ्याशी की या खाटेशी?"

"खाट भाडं मागत नाही, मामा," ती म्हणायची.

सुट्टीला ती घरी जायची तेव्हा एकच विषय निघायचा. नोकरी सोड, नवरा म्हणायचा. गाद्यांच्या खोळी शिव, अर्धपोटी राहू पण एकत्र राहू. तिलाही ते पटायचं. मग औषधांची रिकामी पाकिटं दिसायची. तयार फोमच्या गाद्या आल्यापासून कापसाच्या गादीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. दुकानात असायच्या त्या बहुतेक दुरुस्तीच्या. औषध, डॉक्टर, घरभाडं, सगळं तिच्या पगारावर चालायचं. परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत नोकरी सोडायचं तिच्या मनातून उतरलेलं असायचं.

आणि एक दिवस डेपोत बातमी आली. लाईन वाढणार होती, थेट तिच्या सासरच्या गावापर्यंत. तिथं छोटं यार्ड होणार, सकाळची एक गाडी तिथूनच सुटणार. तिनं त्याच दिवशी बदलीचा अर्ज टाकला. तिची नोकरी एव्हाना जुनी झाली होती, तिला नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. होकार आला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

चूक झाली ती त्या आनंदात. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहायची. एकटी बाई, सासूच्या उशाशी येऊन बसायची, कितीतरी वर्षांत भाडं वाढवलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी चहा पिता पिता गार्डबाईनं तिला सगळं सांगितलं. स्टेशन कुठं होणार, त्याचं फाटक कुठल्या गल्लीत उघडणार, शहराला पोचायला किती कमी वेळ लागणार.

"म्हणजे इथं बसलं की थेट?" मालकिणीनं विचारलं.

"थेट."

बाहेरच्या खोलीत गादीवाल्याचा टाका मधेच थांबला. त्यानं मान वर करून आत बघितलं. तोवर गावात कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

रुळांच्या आधी दलाल आले. मग मोटारीतून माणसं आली, गल्लीत उभी राहून घरांकडे बोटं दाखवू लागली. एका दुपारी मालकीण खाली आली आणि नेहमीसारखी बसली नाही. उभ्याउभ्याच तिनं नवं भाडं सांगितलं. ऐकून गार्डबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी काही तुम्हाला निघा म्हणत नाही," मालकीण म्हणाली. "पण शेजारच्यांना एवढं मिळतंय, मग मीच काय पाप केलंय?"

"इतकी वर्षं राहतोय आम्ही."

"इतकी वर्षं गाडी नव्हती. तुम्हीच नाही का म्हणालात, थेट म्हणून?"

त्यात टोमणा नव्हता. जाताना तिनं म्हातारीच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

त्या संध्याकाळी नवराबायको दुकानातच बसून राहिली. तिचा सगळा पगार मालकिणीला दिला तर, असं त्यानं काढलं.

"मग खायचं काय?"

"कापूस," तो म्हणाला, हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. उबळ गेल्यावर त्यानं पुढच्या एका खेड्यातल्या घराची गोष्ट काढली. घराला पडवी होती, तिथं गाद्या होतील. भाडंही जमण्यासारखं होतं. पण तिथली सकाळची बस पहिली गाडी सुटून गेल्यावरच गावात पोचायची. "आता तरी सोड ती नोकरी," तो म्हणाला.

"त्या खेड्यात गादी कोण करून घेणार आहे? आणि आईंचं औषध?"

"म्हणजे तू पुन्हा डेपोतच झोपणार."

तेवढ्यात आतून सासूचा आवाज आला. सगळं ऐकत होती ती.

"तिला नोकरी सोडायला लावू नकोस रे. मी गेल्यावर काय करायचं ते करा."

नवऱ्यानं सुई कापडात खोचली आणि दुकानाची फळी लावली. भांडण तिथंच मिटलं. पण नोकरी कधी सोडायची, या प्रश्नाला आता एक उत्तर मिळालं होतं, आणि ते तिघांनीही ऐकलं होतं.

बिऱ्हाड खेड्यात हललं. म्हातारीला टेंपोत गाद्यांच्या मधे निजवून नेलं. लाईन सुरू झाली तेव्हा गार्डबाई सासरच्या गावात आली ती नव्या रनिंग रूममध्ये. भिंतींना अजून ओल्या रंगाचा वास होता. तिचं जुनं घर दोन गल्ल्या पलीकडे. पूर्वी घर लांब होतं, न जाण्याला कारण तरी होतं. आता ती चहाला जाताना मोठा वळसा घ्यायची, त्या गल्लीत पाऊल टाकायची नाही.

एकदा गाडी सुटायला थोडा अवकाश होता. शेवटच्या डब्यापाशी उभा असलेला एक तरुण तिच्याशी बोलायला लागला. नुकताच राहायला आला होता, खुशीत होता. घर स्टेशनच्या जवळ मिळालं होतं. पुढच्या खोलीत फटीफटीत कापूस निघाला, रंग काही केल्या धरत नव्हता, असं तो हसत सांगत होता. तुम्ही लांबून येता का, त्यानं विचारलं.

"नाही, इथंच असते," ती म्हणाली.

"मग बरंय तुमचं."

तिनं मान हलवली आणि फलाटाकडे बघत राहिली.

पाळी संपल्यावर तिनं घरी फोन लावला. नवऱ्यानं जेवलीस का विचारलं, ती हो म्हणाली. पडवीत ओल येते, कापूस सुकत नाही, असं तो सांगत राहिला. मग तिनं रोजच्यासारखं विचारलं, "आई कशा आहेत?"

"आहे तशीच," तो म्हणाला.

एवढंच म्हणून तो थांबला. आपल्याला कुठलं उत्तर हवं होतं, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि त्यालाही ते कळलंय हेही कळलं. फोन तसाच कानाला धरून ती खाटेवर बसली. मग म्हणाली, "औषध संपत आलं असेल. उद्या पैसे पाठवते."