सगळं एकदम चालवा म्हणणाऱ्या बाई

वैशाली नगरात कॉम्प्युटरच्या दुकानात मी कीबोर्ड घ्यायला उभा होतो, तेव्हा त्या बाई आल्या. स्कूटीच्या पायदानावरून त्यांनी चादरीत बांधलेला सीपीयू उचलून आणला, गाठ सोडली, चादरीची नीट घडी केली आणि काखेत धरली. त्यांची लेक घरी बसून लग्नांचे व्हिडिओ बनवते. तिच्यासाठी नवं ग्राफिक्स कार्ड बसवायचं होतं. जुना पॉवर सप्लाय त्याचा लोड झेलेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

दुकानदाराने कार्ड लावलं. स्क्रीन उजळला.

"चल गया, आंटी."

"अब सब एक साथ चलाओ," त्या म्हणाल्या.

तो कंटाळला होता, तरी त्याने बाईंच्या लेकीचा एक मोठा व्हिडिओ तयार करायला लावला आणि सोबत बाकीचं सगळंही चालू केलं. आतले पंखे घोंघावायला लागले आणि थोड्या वेळात सगळंच बंद पडलं. बाईंनी नुसती मान डोलावली, जणू हेच बघायला आल्या होत्या. मोठा पॉवर सप्लाय बसवायला सांगून त्या माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. मी फोनवर मराठी बोललेलं त्यांनी ऐकलं असावं.

"एकटं एकटं तर सगळंच चांगलं चालते, भाऊ," त्या म्हणाल्या. "सोबत चालवलं की समजते."

मी हसलो आणि कीबोर्ड घेऊन घरी आलो. घरात आम्ही तिघं. तिघांच्या जेवायच्या वेळा वेगळ्या, खोल्याही वेगळ्या. आमच्याकडे कधी भांडण होत नाही.