टाकीवरचं कुलूप

झाकायो म्गाया माझ्या टपरीवर बसला की चहात साखर कमी मागतो. दुसऱ्याचं काही जास्तीचं घ्यायचं नाही, हा त्याचा स्वभाव साखरेपर्यंत पोचलाय. आमच्या माकाम्बाको गावातले बाकीचे ड्रायव्हर टाकीत नळी घालून वाटेत डबाभर डिझेल विकतात आणि त्याला रीत म्हणतात. हा मात्र नाकासमोर चालणारा. म्हणून त्याचं नाव ‘पाद्रीबुवा’ पडलं.

तो फिलोमेनाबाईंचा ट्रक चालवतो. बटाटे आणायला रोज वेगळं खेडं, वेगळी वाट. गाडी किती धावली हे काटाच सांगणार, आणि काट्यावरच्या किलोमीटरांवरून बाई डिझेल देणार.

गियर बदलायचं खूळ त्यानेच बाईंच्या डोक्यात भरवलं. “बाई, मागच्या धुऱ्यातला हा डिफू चढणीसाठी बनवलेला. आता सगळीकडे डांबर झालंय. सपाटीवर इंजिन नुसतं बोंबलतं आणि डिझेल ढोसतं. त्यातली क्राऊन-पिनियनची दातेरी चाकं बदला, म्हणजे चाक एकदा फिरवायला इंजिनाला कमी फिरावं लागेल.”

शेजारच्या गॅरेजातल्या लुसाजोने मागचा धुरा उघडला आणि मोडीतल्या एका ट्रकचा जोड त्यात बसवला. झाकायो कोपरापर्यंत तेलात माखून त्याच्या बाजूला. ट्रक निघाला तेव्हा इंजिनाचा आवाज खरोखर उतरला होता. “आता बाईंचं डिझेल वाचेल,” असं तो मला दोनदा म्हणाला. त्याला एवढा खूश मी क्वचितच पाहिलाय.

पण बाईंच्या हिशेबात ट्रक आधीपेक्षा जास्त पिऊ लागला. दिलेलं डिझेल पुरेना, झाकायो पुन्हा मागायला जाई. शेवटी त्या माझ्या टपरीसमोरच, सगळ्यांदेखत म्हणाल्या, “गियर बदलायची घाई का होती ते आता कळलं. वाचलं तरी तुझं, गेलं तरी माझं.”

“बाई, मी थेंब विकलेला नाही.”

“मग काय ट्रक घाम गाळतो?”

दुसऱ्या दिवशी टाकीच्या झाकणावर कुलूप आलं. किल्ली बाईंच्या कमरेला. ड्रायव्हरांना तर आयतंच मिळालं. “या पाद्रीबुवा,” एकजण बाकावर सरकून म्हणाला, “बसलात एकदाचे पंगतीत.” त्यात राग नव्हता, प्रेमच होतं. झाकायोला तेच लागलं असणार. त्याने चहा अर्धा टाकला. पुढे रोज सकाळी तो ट्रकखाली शिरून नळ्या चाचपायचा, कुठे गळतंय का बघायचा. कुठेच गळत नव्हतं. कुलूप असूनही डिझेल कमीच पडे, तर बाईंना वाटे हा खालच्या नळीतून काढतो. माणूस डोळ्यांदेखत वाळला. मला बाईंचा राग यायचा, आणि त्याचाही. अरे, ओरड तरी एकदा.

मग त्याला पोलिसाने पकडलं. खेड्यातल्या पन्नासच्या पाटीत बासष्टने चालवत होता म्हणे. झाकायो, जो त्या पाटीत सायकलींनाही पुढे जाऊ देतो.

“काटा पन्नासवरच होता रे,” माझ्या बाकावर टेकत तो लुसाजोला म्हणाला. “आता डोळेही खोटे बोलायला लागले माझे.”

लुसाजोने हातातली तळलेली गोड मंदाझी बशीत ठेवली. “दादा, काट्याचं चाक,” तो म्हणाला. “काटा गियरबॉक्सवर चालतो. तिथलं छोटं चाक मी बदललंच नाही. काट्याला अजून जुनाच डिफू वाटतोय. गाडी धावते जास्त, तो दाखवतो कमी.”

इथल्या निम्म्या ट्रकांचे काटे मेलेले असतात. गियर बदलताना काट्याची आठवण कुणाला राहणार? चालणारा काटा होता, त्याने किलोमीटर कमी मोजले, म्हणून झाकायो चोर ठरला. वड्याचं तेल वांग्यावर.

लुसाजोने चाक बदललं आणि स्वतः जाऊन बाईंना सांगितलं. आठवड्याभरात हिशेब बोलला, डिझेल खरंच वाचत होतं. बाई टपरीवर आल्या. चुकलं, हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, तेवढा मोठेपणा त्यांच्यात आहे. कमरेची किल्ली सोडून त्यांनी पुढे केली.

“घे, काढ ते कुलूप.”

झाकायोने किल्लीला हात लावला नाही. “राहू द्या, बाई,” तो म्हणाला. “काटा पुन्हा कधी बिघडला, तर तुम्ही आधी कुलूप बघाल. माझ्या शब्दावर तेव्हाही विश्वास ठेवणार नाही.”

चहा संपवून तो बटाट्यांना निघाला. ट्रक शांतपणे डांबरावरून गेला. बाई किल्ली घेऊन माझ्या बाकावर बसल्या. मी त्यांना चहा विचारला नाही.