खंडेनवमीला उघडलेला कॉम्प्युटर

वडगावातल्या आमच्या घरात पहिला मान मागाचा होता. एकच खोली, तिच्या मधोमध मालकाचा पॉवरलूम, आणि भिंतीच्या कडेनं जी जागा उरली तिच्यात चूल, अंथरुणं आणि माझं दप्तर. आप्पा माग चालवायचे, आई सुताच्या कांड्या भरायची. सूत तुटलं की आप्पा माग थांबवून गाठ मारायचे, तेवढ्यात आम्ही काय ते बोलून घ्यायचो. एकदा माग सुरू झाला की कुणाचं कुणाला ऐकू यायचं न्हाय. आक्का सातवीतनं शाळा सोडून आईच्या शेजारी कांड्या भरायला बसली, म्हणून मला कॉलेजला जाता आलं. बी.एस्सी. झालो. आईकडच्या आणि आप्पांकडच्या, दोन्ही घराण्यांत पदवी मिळवणारा पहिला मी. हे मी कुठंही मान ताठ करून सांगतो. पण त्या ताठ मानेपायी गेल्या खंडेनवमीला घरात जे झालं, ते सांगताना मान आपोआप खाली जाते.

आता मागच्या सोप्यात आमचे स्वतःचे दोन माग आहेत आणि राहायला वेगळ्या खोल्या आहेत. आप्पांचे कान मात्र मागाच्या आवाजानं कायमचे गेले. आक्का कांड्या भरत न्हाय. ती साड्यांच्या काठांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढते, आणि शहापूरचे व्यापारी ती घेतात. हा कॉम्प्युटर म्हणजे जुनापुराणा डेस्कटॉप. तिचं डिझाइनचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं, नव्या मशीनवर उघडतच न्हाय. दसऱ्याच्या आधी तो मधेच अडकायला लागला आणि आतनं कट्कट आवाज यायला लागला. दुकानदार म्हणाला, हार्ड डिस्क जायच्या वाटेवर आहे, या मॉडेलला बसणारी नवी मिळत न्हाय, भंगारात घाला. पेनड्राइव्ह लावायच्या खाचाही कधीच्या बंद पडलेल्या. आक्कानं इतक्या वर्षांत काढलेले सगळे काठ त्या एका डिस्कमध्ये होते आणि दुसरीकडं कुठंच नव्हते. त्या दिवशी ती नीट जेवली न्हाय.

माझ्या कपाटात एक जुनी डिस्क होती, माझा कॉलेजातला कॉम्प्युटर मोडीत घालताना काढून ठेवलेली. तसलीच, रुंद पट्टीच्या केबलची. ती दुसरी म्हणून आत बसवायची आणि पहिलीतलं सगळं तिच्यावर उतरवून घ्यायचं, असं मी ठरवलं. आक्का म्हणत होती, दुसऱ्या एखाद्या दुकानात विचारू या. मी म्हणालो, घरात पदवीधर असताना दुकानात कशाला जायचं?

दिवस खंडेनवमीचा धरला, कारण त्या दिवशी माग बंद असतात आणि घर हादरत न्हाय. आदल्या संध्याकाळी माग पुसून, तेलपाणी करून ठेवले होते. सकाळी उठल्या उठल्या मी कॉम्प्युटरचं झाकण काढलं, जुनी डिस्क आत बसवली, दोन्ही डिस्कना केबली जोडल्या. तेवढ्यात आईनं हाक मारली, पूजेआधी आंघोळ कर म्हणून. झाकण तसंच उघडं टाकून मी गेलो.

आमच्यात खंडेनवमीला ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. आईनं माग पूजले, मागाचे धोटे पूजले, कात्री पूजली. मग कॉम्प्युटरपाशी आली. आंघोळ करून आलो तर उघड्या पेटीत दोन्ही डिस्कना हळदकुंकू लावलेलं, वर अक्षता, आणि केबलीवर झेंडूच्या पाकळ्या. पूजा झालेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो. हे ठाऊक असून मी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: एकही डिस्क सापडत न्हाय. मी बसवलेली दिसेना, आणि आक्काची पहिलीही दिसेना.

शेजारच्या काकू प्रसाद घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मी आईला म्हणालो, "अडाण्यासारखं काय करून ठेवलंस हे? आक्काचं आयुष्याचं काम पाण्यात घातलंस."

आईनं हातातलं तबक खाली ठेवलं. काकू आल्या पावली मागं फिरल्या. आप्पांना एवढंच कळलं की मी चिडलोय. त्यांनी विचारलं, "काय म्हनतोय त्यो?" कुणी सांगेना. तेव्हा आईच त्यांच्या कानाशी वाकली आणि अख्ख्या बोळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "माझ्या हातनं मशीन बिघडलं म्हनतोय."

एवढं सांगून ती आत चुलीकडं गेली.

आक्का माझ्याकडं बघत होती. "कॉलेजात हेच शिकवत्यात व्हय रं?" ती म्हणाली.

मी डिस्क बाहेर काढल्या आणि पुसायला घेतल्या. पुसताना दिसलं, हळदकुंकू नुसतं वरच्या लोखंडी झाकणावर होतं. खालच्या सर्किटच्या हिरव्या पट्टीला, जिथं काही बिघडू शकलं असतं, टिपूससुद्धा लागलं नव्हतं. मग माझी नजर केबलीच्या खाचेशेजारच्या बारक्या चिमट्याकडं गेली. त्याला जंपर म्हणतात. एका केबलीवर दोन डिस्क असल्या की थोरली कोण आणि धाकटी कोण, हे तो ठरवतो. या दोघी आपापल्या कॉम्प्युटरमध्ये एकेकट्या होत्या, त्यामुळं दोघींचा चिमटा थोरलीच्याच जागी. दोघी थोरलेपणावर अडून बसल्या की मशीन एकीलाही ओळखत न्हाय. हे मला ठाऊक होतं. बघायचं राहून गेलं होतं, एवढंच.

माझ्या डिस्कचा चिमटा काढून धाकटीच्या जागी बसवला. बटण दाबलं. दोन्ही दिसल्या.

आई दारापर्यंत आली होती, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हती. "देवानं ऐकलं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम हलका झाला. त्या घटकेला मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. देवानं ऐकलं म्हणून सगळे खूश झाले असते, आणि चूक आईच्या नावावर राहिली असती. खरं सांगायचं तर क्षणभर मला तेच बरं वाटलं. त्या क्षणाची लाज मला ओरडण्याच्या लाजेपेक्षा जास्त वाटते.

"कशानं झालं?" आक्कानं विचारलं.

"चिमटा माझाच चुकला होता," मी पुटपुटलो.

"मोठ्यानं सांग. आप्पांना ऐकू येत न्हाय."

मी आप्पांच्या कानाशी वाकलो आणि ओरडून सांगितलं, "आईनं काय बी बिघडवलं न्हाय. माझी चूक होती." पलीकडच्या अंगणात काकूंची भांडी वाजत होती, ती थांबली.

आप्पा म्हणाले, "मग एवढं वरडतोस कशाला?"

आक्का हसली. आई हसली न्हाय. तिनं माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेऊन तबकात ठेवला आणि म्हणाली, "आता पुरं. उद्यापतूर हात लावू नगंस." मी तिची माफी मागितली, तर म्हणाली, "व्हय व्हय, जेव आधी." तिनं मला वाढलं, पण नेहमीसारखी समोर बसली न्हाय.

दसऱ्याच्या सकाळी आक्कानं स्वतः कॉम्प्युटर सुरू केला. मी बाजूला बसून कुठं काय दाबायचं ते सांगितलं. दुपारपर्यंत तिची सगळी डिझाइनं माझ्या जुन्या डिस्कवर उतरली. तिनं त्यातली तीनचार उघडून बघितली, धाग्याला धागा जागेवर होता. एकही काठ गेला न्हाय.